ठिपक्यांना गट क्रमांक देताना

आमच्याकडच्या लग्नकार्यात नव्या पाहुण्यांना घरातल्या एकेकाची ओळख करून देतात, तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं असतं ते माझ्यापर्यंत. मोठे दीर शाळेत मास्तर, जाऊबाई तहसीलमध्ये, पुतण्या धान्याच्या मोंढ्यात. एका दमात होऊन जातं. मग माझी पाळी येते आणि सांगणारा घसा साफ करून म्हणतो, "आणि ह्या कॉम्प्युटरमध्ये होत्या." कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं कुठं, हे सहसा कोणी विचारत नाही. एकदा एका विहीणबाईंनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की कॉम्प्युटरवर खोटी गर्दी जमवायची आणि ती दारातून कशी बाहेर पडते ते बघत बसायचं, हे माझं काम. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे जरा कणवेनं पाहिलं आणि जिलबीचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

तेव्हा हे काम काय होतं ते एकदा लिहूनच काढावं म्हणते. सगळी नोकरी सांगत बसत नाही. माझी एक चूक सांगते. तिच्याभोवतीच बाकीचं आपोआप येईल.

मी आष्टीकडची. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन जुन्या जालन्यात आले. काही वर्षं घरीच शिकवण्या घेतल्या. दोन हजार साल उलटून गेल्यावर आमच्याच गल्लीत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर, जोगदंड सरांनी ऑफिस थाटलं. सर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. गावी आले, पण रिकामं बसवेना. बसस्थानक, आठवडी बाजार, मंगल कार्यालय असल्या जागांचे नकाशे ते करून द्यायचे. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं गर्दीचा एक प्रोग्राम लिहिला होता, तो त्यांना गुरुदक्षिणा म्हणून मिळाला. प्रोग्राम चालवायला वसीम होता, जालन्याचाच, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, दिसायला शांत आणि बोलायला तिखट. आकडे भरायला गणितवालं कोणीतरी पाहिजे होतं. ती मी.

प्रोग्राम दिसायला अगदी गरीब. पडद्यावर जागेचा नकाशा. भिंती म्हणजे रेघा, दारं म्हणजे रेघांतल्या फटी, आणि माणूस म्हणजे एक ठिपका. प्रत्येक ठिपक्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठं जायचं, किती वेगानं जायचं, आणि भिंतीपासून, दुसऱ्या ठिपक्यापासून किती अंतर राखायचं. एवढं सांगून सोडून दिलं की ते निघायचे मुंग्यांसारखे. दाराशी कुठं दाटी होते ते आपण बघायचं आणि दार रुंद करायचं, नाहीतर हलवायचं.

चौथी एक गोष्ट होती, आणि माझी नोकरी तिच्यावरच चालली. गट क्रमांक. ज्या ठिपक्यांचा क्रमांक सारखा, ते सोबत चालणार. गटात जो सगळ्यात हळू, त्याच्या चालीनं बाकीचे चालणार. एखादा मागं पडला तर बाकीचे थबकणार. ज्याला कोणीच नाही त्याला शून्य क्रमांक द्यायचा. शून्यवाला कोणासाठी थांबत नाही, सगळ्यांत आधी बाहेर पडतो. प्रोग्रामला हे शून्यवाले फार आवडायचे. सगळ्यांना शून्य दिलं तर कुठलंही मैदान बघता बघता रिकामं.

पण कोण कोणाच्या गटात, हे ठरवायचं कसं? प्रोग्राम ज्यानं लिहिला त्यानं सोपं उत्तर देऊन ठेवलं होतं: जे हाताच्या अंतरावर, शेजारी शेजारी चालतात ते एका गटातले. सरांनी आम्हाला वही घेऊन दुकानाच्या गच्चीवर बसवलं आणि खालच्या रस्त्यावरचे गट मोजायला सांगितले. पहिल्या दिवशी वसीम वही मिटून म्हणाला, "मॅडम, जालन्यात कोणाचं कोणीच नाही. सगळे शून्य."

खरंच तसं दिसत होतं. मग माझं लक्ष एका माणसाकडे गेलं. तो पानाच्या टपरीशी थांबला, मागं वळून न बघता नुसता थांबला. बारा-पंधरा पावलं मागून एक बाई आली, कडेवर एक, पदराला एक. ती टपरीपर्यंत पोचली तशी तो काही न बोलता पुन्हा चालू लागला. मी म्हटलं, "लिही, चौघांचा गट." तेवढ्यात दोन बाया खांद्याला खांदा लावून हसत गेल्या. वसीमनं हौसेनं दोघींचा गट लिहिला. कोपऱ्यावर एक डावीकडे गेली, एक उजवीकडे. टोपलीवाल्याशी भाव करताना त्यांची तेवढीच ओळख झालेली. तीन दिवसांनी वसीमनं वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहिला: बारा पावलांचं अंतर आणि कपाळाला आठी, म्हणजे लग्न झालेलं. मी हे घरी येऊन सांगितलं. आमचे हे त्यानंतर आठवडाभर अगदी माझ्या शेजारून चालले. मग पुन्हा बारा पावलं.

गिऱ्हाइकंही एकेक नामी. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना पडद्यावर दाखवलं, की जेवणाच्या हॉलच्या दाराशी चेंगराचेंगरी होते आहे. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे ठिपके जरा बारीक न्हाई का करता येणार?" वऱ्हाडी मंडळींचे गट कसे धरावेत, असं मी विचारलं. मुलाकडचे, मुलीकडचे, गावकरी, भावकी. ते म्हणाले, "ताई, तीस वर्षांत मला दोनच गट माहीत. जेवलेले आणि न जेवलेले." मी तेव्हा हसले. आता वाटतं, त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग जत्रेचं काम आलं. घनसावंगीकडे गोदाकाठी एक गाव आहे, नाव सांगत नाही. देवीची मोठी जत्रा भरते. आदल्या साली दाराशी दाटी होऊन पोरं हरवली, काही जण खाली पडले, म्हणून वरून हुकूम निघाला, की येण्याजाण्याचा आराखडा द्या, तरच परवानगी. जत्रा कमिटीचे प्रमुख आबा आमची माडी चढून आले. पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि कॉम्प्युटरवर अजिबात विश्वास नाही. ठिपके बघून म्हणाले, "ह्यातला मी कोणता?" वसीमनं दाराशी उभा असलेला एक ठिपका दाखवला. आबांनी वाकून न्याहाळला. "बराबर," म्हणाले, "काम न करता उभा हाये म्हणजे मीच."

आराखडा सरांचा. पूर्वेच्या दारानं आत, पश्चिमेच्या दारानं बाहेर. मधे बांबूचे कठडे लावून दोन रांगा, पुरुषांची वेगळी, बायांची वेगळी. पहिल्यापासून तशीच पद्धत. गट क्रमांक देण्यासाठी सरांनी रेशन कार्ड धरायला सांगितलं. एका चुलीवर जेवतात ते सोबत चालतात, असा त्यांचा हिशोब. कमिटीनं आसपासच्या गावांच्या याद्या आणून दिल्या आणि मी कार्डागणिक एकेक क्रमांक देत बसले.

आमचं स्वतःचं कार्डही मी गंमत म्हणून घालून पाहिलं. त्यात आमच्या अक्का नव्हत्या. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत त्यांचा नवरा गेला, मूलबाळ नाही, त्या माहेरी आल्या त्या माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. त्यांचं नाव मात्र अजून सासरच्या कार्डावर. ते तिथून कमी करायला तिकडच्यांना सवड नव्हती आणि इकडं चढवायला आम्हाला. रोज सकाळी मला पहिला चहा करून देणारी बाई माझ्या प्रोग्राममध्ये शून्य क्रमांकाची होती. मला हे दिसलं. मी पुढचं कार्ड घेतलं.

क्रमांक भरून प्रोग्राम चालवला आणि सगळं अडलं. एका कार्डावरचा नवरा पुरुषांच्या रांगेत, बायको बायांच्या. क्रमांक एकच असल्यामुळं दोन्ही ठिपके एकमेकांकडे ओढ घ्यायला लागले. रांगेनं पुढं जायचं सोडून कठड्याला दोन्हीकडून चिकटून बसले. त्यांच्या मागचेही तसेच. वसीम कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, ये लोगां हिलतेच नै. बीबी के बगैर जाना नै बोलके बैठे."

दोन दिवसांत नकाशा तहसीलला जायचा होता. वीज दिवसातून कितीदा जायची त्याला सुमार नव्हता. गेली की चालवलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. सर जेवायला घरी गेलेले. मी डबा खाता खाता विचार केला आणि मार्ग काढला: पुरुषांना वेगळे क्रमांक, बायांना वेगळे. म्हणजे ओढ नको आणि अडणं नको. हात धुऊन बसले आणि तासाभरात गोदाकाठच्या समस्त जोडप्यांची मी फारकत करून टाकली. पोरं सगळी आयांकडे दिली.

मग काय विचारता. दोन्ही रांगा पाण्यासारख्या वाहायला लागल्या. पश्चिमेच्या दारातून ठिपके भराभर बाहेर पडत होते, आणि बाहेर पडला की प्रोग्राम तो ठिपका पुसून टाकायचा. त्याचं काम संपलं. सर आले, त्यांनी बघितलं, खूश झाले. म्हणाले, "सुनंदाताई, अडलं होतं ते कसं सुटलं?"

मी म्हटलं, "क्रमांक नीट केले, सर."

खोटं काही नव्हतं त्यात. सरांनी सही केली.

जत्रेच्या दिवशी आम्हा तिघांना नगारखान्याच्या गच्चीवर बसवलं. शेजारी लाऊडस्पीकरवाला, खाली पश्चिमेचं दार, आत कठड्यांच्या रांगा. सगळं पडद्यावरच्यासारखं दिसत होतं, फक्त ठिपक्यांना टोप्या आणि पदर होते. आमचे हे आणि अक्का जीपनं आले होते. अक्कांना खरं तर दर्शनापेक्षा माझं काम बघायचं होतं. "बघू दे तरी तुझे ठिपके," म्हणत त्या बायांच्या रांगेत शिरल्या आणि तिथून मान वर करून मला हात केला. मीही केला. सगळ्या गच्चीला कळलं असेल, असा जोरानं केला.

दुपारपर्यंत ठीक चाललं. पुरुषांची रांग झपाझप जायची. हात जोडले, कपाळाला लावलं, झालं. बायांना ओटी भरायची, नारळ द्यायचा, तान्ह्याला पायावर घालायचं. म्हणजे पुरुष आधी बाहेर येत होते. आणि बाहेर येऊन, दारापासून दोन पावलांवर, दाराकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे राहत होते. आपलं माणूस बाहेर आलं की त्याला आपण लगेच दिसलो पाहिजे म्हणून. आधी चार, मग वीस, मग मोजता येईनात.

माझ्या पडद्यावर हे सगळे केव्हाच पुसले गेले होते.

लाऊडस्पीकरवाला सारखा ओरडत होता, पुढे चला, दार सोडा, पुढे चला. ते वर बघायचे, समजल्यासारखी मान हलवायचे, अर्धं पाऊल सरकायचे आणि पुन्हा तिथंच. आबा खाली धोतराचा सोगा धरून एकेकाला ढकलत होते. "सरका की रे, तुमच्या बायका काय कोणी पळवून न्हाई नेत." एकानं त्यांना शांतपणे विचारलं, "आबा, तुमची मंडळी कुठंय?" आबांनी आत बोट दाखवलं. "मंग?" तो म्हणाला. आबा काही क्षण त्याच्याशेजारीच उभे राहिले.

आतून बायांची रांग येत होती, तिला बाहेर पडायला जागा नव्हती. मागच्यांना ते दिसत नव्हतं, त्या पुढं रेटत होत्या. बांबूचा कठडा एका जागी वाकलेला मला दिसला. मग एक किंकाळी आली, आणि तिच्यामागून पोरांचं रडणं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटत होतं मला काहीतरी माहीत असेल. मला माहीत होतंच.

मी दारातल्या घोळक्याकडे बघितलं तर सगळ्यांत पुढं, अगदी उंबऱ्याला लागून, हाताची घडी घालून आमचे हे उभे. मी लाऊडस्पीकरवाल्याच्या हातातून माइक घेतला. आमच्याकडे नवऱ्याला नावानं हाक मारायची रीत नाही. घाईत तोंडातून सवयीनंच निघालं, "अहो, पुढं व्हा ना."

दारातल्या सगळ्या पुरुषांनी एकदम वर बघितलं.

मग मात्र मी डोळे मिटले आणि हजारो लोकांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं. "जालन्याचे बापूराव, तुम्ही चिंचेखाली जाऊन थांबा. अक्कांना घेऊन मी तिथंच येते." कुठून तरी बाया खुदकन हसल्या. हे कानापर्यंत लाल झाले, पण हलले. तडक चिंचेकडे निघाले. त्यांच्या जागी एवढीशी फट पडली आणि तिच्यातून दोन बाया बाहेर आल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 'पुढे चला' ऐकून कोणी हलणार नव्हतं, कारण पुढं जाणं म्हणजे आपल्या माणसाला टाकून जाणं. कुठं थांबायचं ते सांगायला हवं होतं, आणि ते आतल्या माणसालाही ऐकू जायला हवं होतं. सर खालच्या जागा बोटानं दाखवत गेले, मी कमिटीच्या यादीतून गावांची नावं वाचत गेले आणि वसीमनं माइक धरला. "आष्टीकडचे सगळे शाळेच्या भिंतीला. बायांनी ऐका, तुमची माणसं शाळेच्या भिंतीला थांबलीत. घनसावंगीवाले पाण्याच्या टाकीला. बायांनी ऐका..." त्याचा आवाज बसेपर्यंत तो सांगत राहिला. घोळका आधी कडेनं सुटला, मग मधून. आबा शेवटी निघाले, टाकीकडे.

मी जिना उतरून आत धावले. अक्का दाराच्या आतल्या बाजूला, कठड्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभ्या होत्या. बाया त्यांना वळसा घालून, बोल लावत जात होत्या. मी म्हटलं, "अक्का, इथं का थांबलात? तुमच्यामागं केवढी दाटी झाली."

"तुझी वाट बघून राह्यले," अक्का म्हणाल्या. "आताची न्हाई, मघापासून. तू वर दिसत होतीस. तू उतरल्याबिगर मी कशी जाऊ?"

"मी कामावर होते, अक्का."

"मंग? काम झाल्यावर आपल्याच जीपमधी यायचं होतं ना तुला?"

दाराबाहेर नवरा अक्कांसाठी अडून होता, दाराच्या आत अक्का माझ्यासाठी अडून होत्या, आणि मी वर बसून दार का तुंबलं ते शोधत होते. माझ्या आराखड्यात माझ्यासाठी ठिपकाच नव्हता.

मघाची किंकाळी सरूबाईंची होती. घनसावंगीजवळच्या एका गावच्या, साठीच्या पुढच्या. त्यांचा हात दोन बांबूंमध्ये सापडला आणि मनगटाच्या वर मोडला. त्यांना जीपमध्ये घालून नेलं. बाकी खरचटणं, घेऱ्या येणं. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. आबांनी आमचे आभारसुद्धा मानले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर दाराची रुंदी पुन्हा मोजत बसले होते. कुठं चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं. मी गप्प बसले असते तर सापडलंही नसतं. वसीमला माहीत होतं, पण तो बोलला नसता. अर्धा तास मी त्यांची पट्टी सरकताना बघितली. मग सांगितलं, की क्रमांक मी तोडले, आणि बाहेर पडलेला ठिपका पुसला जातो हे मला दिसत असून त्याचा विचार केला नाही.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सही माझी आहे, तेव्हा चूकही माझी. मी लेखी तसंच कळवीन." चष्मा परत चढवून म्हणाले, "पण मी तुम्हाला विचारलं होतं, सुनंदाताई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं सरूबाईंकडे गेलो. हात प्लास्टरमध्ये, ओट्यावर बसलेल्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की माझ्या कामातल्या चुकीनं तुमचा हात मोडला. ठिपके, क्रमांक, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या नवऱ्याचं नाव घेणाऱ्या बाई तुम्हीच का?" मी हो म्हटलं. त्या हसल्या. मग प्लास्टरवरून दुसरा हात फिरवत म्हणाल्या, "माझा लेक लई उतावळा. बाहेर उभा असंल, आई दिसंना म्हणून उलटा आत घुसंल, चेंगरंल, म्हणून मीच जल्दी करून राह्यले होते. तो कुठं थांबला ते ठावं असतं, तर मी कशाला रेटलं असतं?"

पुढच्या साली कळलं, की हाड जुळलं पण हाताला भाकरी थापायचं बळ पुन्हा आलं नाही. सून थापते, म्हणाल्या. ते वाक्य माझ्याजवळ राहिलेलं आहे.

त्यानंतर आम्ही रेशन कार्ड सोडलं. वसीम आणि मी मिळून नवा फॉर्म केला आणि त्यात कुटुंब हा शब्दच ठेवला नाही. एकच प्रश्न विचारायचा: जत्रेहून निघताना कोण आल्याशिवाय तुम्ही निघणार नाही? गावोगाव फिरलो. लोक आधी बुचकळ्यात पडायचे आणि मग जी नावं सांगायचे ती कुठल्याच कार्डावर सापडली नसती. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सांगितला, भावाची मुलगी सांगितली, आणि भावाचं नाव गाळलं. मी विचारलं, "भाऊ?" तो म्हणाला, "त्याची त्याला गाडी हाये." दोघं एकाच घरात राहत होते.

पण वसीमनं आणखी एक भानगड काढली. एका यादीत पहिल्यानं दुसऱ्याचं नाव दिलं होतं आणि दुसऱ्यानं पहिल्याचं दिलंच नव्हतं. "मॅडम, ये तो एकतर्फा हो गया. आता दोघांचा क्रमांक एकच धरायचा की वेगळा?" कसंही धरलं तरी जमत नव्हतं. शेवटी आम्ही क्रमांकच काढून टाकले. प्रत्येक ठिपक्याला बाण दिले. ज्याच्यासाठी तो थांबेल त्याच्याकडे बाण. कोणाला सहा बाण, कोणाला एक. काही जणांकडून बाण निघायचे, त्यांच्याकडे एकही यायचा नाही. असे ठिपके पडद्यावर सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचे, आणि त्यांच्यासाठी कोणी थांबलेलं नसायचं. वसीम त्यांना लाल रंग द्यायचा. अशांसाठी कमिटीनं दाराशी दोन माणसं ठेवावीत, असं सरांनी आराखड्यात लिहून टाकलं. बाहेर पडलेला ठिपका पुसायचाही बंद केला. प्रत्येकाला थांबायची जागा दिली, आणि जत्रेत झाडाझाडाला गावांच्या पाट्या लागल्या.

पुढच्या साली काहीही झालं नाही. आमच्या धंद्यात हेच यश, म्हणून त्याचा सत्कार कोणी करत नाही. आबा तेवढे म्हणाले, की यंदा देवीनं सांभाळलं.

ही भानगड निघाली तेव्हा तो फॉर्म मी घरी अक्कांवर करून बघितला होता. दुपारची वेळ. अक्का सूप घेऊन तूर पाखडत होत्या. आमचे हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी पहिला प्रश्न विचारला. अक्कांनी हात न थांबवता सांगितलं, "बापू. तू. पोरं दोघं. समोरची शांता आली असंल तर ती बी लिही, तिला रस्ता कळत न्हाई." मी पाच नावं लिहिली.

मग, वसीमची भानगड निस्तरायची म्हणून, दुसरा प्रश्न विचारला: आणि तुम्ही आल्याशिवाय कोण निघणार नाही?

सूप थांबलं. अक्कांनी तुरीतला एक खडा शोधून बाजूला ठेवला. मग आणखी एक. "ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं."

मी माझं नाव लिहिलं. आत हाक मारून ह्यांना विचारलं. पेपरमागून आवाज आला, "हे काय इचारणं झालं?" ते लिहिलं. पोरांना अंगणातून बोलावलं. धाकट्यानं आपलं नाव आधी लिहायला लावलं. शांता दारात उभी होती, तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला कुठं रस्ता कळतो? मी थांबणारच की." पाच झाली. अक्कांनी कागद मागून घेतला. वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून बोटानं एकेक ओळ मोजली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. कागद मला परत दिला आणि सूप उचललं.

"एवढी सगळी थांबली," त्या म्हणाल्या, "तर तुझं दार तुंबंल की गं."